विद्वानाचे देवालय : जपानमधील तेन्मान्गू

भंडारा जिल्ह्याला जपान हा देश परका राहिलेला नाही. पवनी तालुक्यातील रुयाड (सिंदपुरी) येथील महासमाधीभूमीचे नाव निघाले की जपानमधील तेन्दाई परंपरेचे नाव निघतेच. बालवयात जपानला जाऊन हिएइ पर्वतावर भिक्खू म्हणून घडलेले भदन्त संघरत्न माणके यांच्यामुळे तो ऋणानुबंध जुळला. नागपूरकरांना भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई ठाऊक आहेत, कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर ठाऊक आहे. सन २०१५ मध्ये जपानच्या कोयासान विद्यापीठात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा पुतळा उभा राहिला, तेव्हापासून जपानच्या धम्मयात्रेत कोयासानचाही समावेश होऊ लागला. आपले उपासक-उपासिका, माजी विद्यार्थी, शिक्षणासाठी वा नोकरीसाठी गेलेली तरुण मंडळी आज त्या देशात वावरताना दिसतात.

अशा यात्रेत एक प्रश्न हमखास उपस्थित होतो. विहारे पाहता पाहता एखादी दोन खांबांची, वर दोन आडव्या तुळया असलेली कमान समोर येते. आत दिवे, पायऱ्या, शोभिवंत छपराची इमारत. परंतु बुद्धमूर्ती कोठेच नसते. शाळेच्या गणवेशातील मुले हात जोडून उभी असतात, बैलाच्या पुतळ्याचे डोके चोळत असतात, लाकडी पाट्यांवर काही लिहून त्या टांगत असतात. ‘हे विद्येच्या देवाचे मंदिर आहे’ असे वाटाड्या सांगतो. मग आपल्या मंडळींत कुजबुज सुरू होते. आत जायचे की नाही? हात जोडायचे की नाही? आणि विद्येचा देव म्हणजे नेमका कोण?

प्रस्तुत लेख या प्रश्नांसाठी आहे. आधी माणसाची ओळख करून घेऊ. कारण हा देव मुळात एक माणूस होता, त्याच्या जन्म-मृत्यूच्या तारखा इतिहासात नोंदलेल्या आहेत, आणि त्याची कथा आपल्या वाचकांना फारशी दूरची वाटणार नाही.

ती कमान म्हणजे ‘तोरीइ’. तोरीइ दिसली की ते शिंतो देवस्थान, ‘जिंजा’, समजावे; बौद्ध विहाराला ‘तेरा’ म्हणतात आणि त्याच्या नावाच्या शेवटी बहुधा ‘जी’ येते. शिंतो हा जपानचा मूळचा धर्म. त्याला एकच संस्थापक नाही, एकच धर्मग्रंथ नाही. डोंगर, झरा, जुने झाड, धान्य, पूर्वज अशा ज्या ज्या ठिकाणी विलक्षण शक्तीचा प्रत्यय येतो तिला ‘कामी’ म्हणतात. मरण पावलेला थोर माणूसही कामी होऊ शकतो. सुगावारा नो मिचिझाने हा असा कामी झालेला विद्वान आहे. त्याला ‘तेन्जिन’ म्हणतात, आणि त्याच्या देवस्थानांना ‘तेन्मान्गू’. जपानभर अशी सुमारे १२,००० देवस्थाने असल्याचे सांगितले जाते. क्यूशू बेटावरील दाझाइफू आणि क्योतो नगरातील कितानो ही त्यांतील दोन प्रमुख.

मिचिझाने याचा जन्म सन ८४५ चा. आजोबा व वडील दोघेही चिनी विद्येचे पंडित. घरातच पाठशाळा चालत असे. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने पहिली चिनी कविता रचली असे सांगतात. त्या काळी चिनी भाषा ही जपानच्या राजदरबाराची ज्ञानभाषा होती. आपल्याकडे एके काळी संस्कृतला व पुढे फारसीला जे स्थान होते तसेच. राजधानीतील विद्यापीठाच्या परीक्षा अत्यंत कठीण असत. त्या एकामागून एक उत्तीर्ण होऊन सन ८७७ मध्ये तो साहित्याचा प्राध्यापक झाला. आज परीक्षार्थी मुले ज्याच्यापुढे हात जोडतात, तो स्वतः परीक्षा देऊन वर आलेला माणूस होता, एवढे येथे लक्षात ठेवू.

सन ८८६ मध्ये त्याला शिकोकू बेटावरील सानुकी प्रांताचा अधिकारी म्हणून पाठवण्यात आले. चार वर्षांच्या या मुक्कामात राजधानीच्या पंडिताने खेड्यातले दारिद्र्य जवळून पाहिले. थंडीच्या तोंडावर ज्यांचे हाल सर्वांत आधी सुरू होतात अशा माणसांवर त्याने तेथे दहा कवितांची एक माला लिहिली आहे. कराच्या ओझ्याने गाव सोडून पळालेला शेतकरी, एकटा पडलेला म्हातारा, अनाथ मूल, मीठ विकणारा, लाकूडतोड्या, नावाडी ही त्या कवितांतील माणसे. हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या दरबारी कवीने मीठ विकणाऱ्याकडे पाहावे, ही गोष्ट मला त्याच्या देवत्वापेक्षा मोठी वाटते. परंतु देवस्थानात येणाऱ्या कितीजणांना या कविता ठाऊक असतात, याविषयी शंका आहे.

राजधानीत परतल्यावर सम्राट उदा याने त्याला जवळ केले. यामागे राजकारण होते. त्या काळी फुजिवारा घराणे आपल्या मुली सम्राटांना देऊन त्या नात्याच्या बळावर सर्व उच्च पदे पिढ्यान्‌पिढ्या हाती ठेवत असे. या घराण्याला आवर घालण्यासाठी सम्राटाला बाहेरचा, गुणवान माणूस हवा होता. सन ८९४ मध्ये मिचिझानेची चीनच्या तांग दरबाराकडे राजदूत म्हणून नेमणूक झाली. मात्र तांग सत्तेची पडझड आणि समुद्रप्रवासाचे धोके पाहता ही मोहीमच पुन्हा विचारात घ्यावी असा अर्ज त्याने केला, आणि ती मोहीम निघालीच नाही. सन ८९९ मध्ये तो ‘उजवा मंत्री’ झाला. डावा मंत्री होता फुजिवारा नो तोकिहिरा. विद्येच्या जोरावर एवढ्या वर चढलेला माणूस जपानने त्यापूर्वी फार क्वचित पाहिला होता.

वाचकांच्या मनात येथे एक तुलना येईल. ती जपून करावी हे बरे. मिचिझाने हा बहिष्कृत समाजातला नव्हता. तो पंडितांच्या घराण्यातला, दरबारी वर्गातलाच होता. फक्त त्या वर्गातील खालच्या पायरीवरचा. आपल्या समाजाने जे भोगले ते त्याने भोगले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि जन्म आणि विद्या यांचा जो झगडा आपल्याला परिचित आहे, त्याचेच एक रूप तेथेही घडले.

सन ९०१ च्या आरंभी तोकिहिराने नव्या सम्राट दाइगोचे कान भरले. मिचिझाने सम्राटाला पदच्युत करून आपल्या जावयाला, म्हणजे सम्राटाच्याच भावाला, गादीवर बसवू पाहतो असा तो आरोप होता. चौकशीचा देखावाही न करता त्याला क्यूशूमधील दाझाइफू येथे धाडण्यात आले. नावाला ते एक सरकारी पद होते, प्रत्यक्षात हद्दपारी. पत्नी मागे राहिली, मोठी मुले वेगवेगळ्या ठिकाणी पांगवण्यात आली. निघताना त्याने अंगणातल्या उमेच्या झाडाचा निरोप घेतला. उमे म्हणजे थंडी सरता सरता फुलणारे, सुगंधी फुलांचे, आलुबुखाराच्या कुळातले झाड. ते झाड पुढे धन्याच्या ओढीने एका रात्रीत उडून दाझाइफूला आले अशी दंतकथा आहे, आणि ‘उडून आलेले उमे’ म्हणून तेथे एक झाड आजही दाखवतात. दोन वर्षांनी, सन ९०३ मध्ये, मिचिझाने त्या पडक्या निवासात मरण पावला.

त्याचा देह बैलगाडीतून नेत असता बैल एका ठिकाणी बसला व काही केल्या उठेना, म्हणून तेथेच दफन झाले असे सांगतात. तेन्मान्गूच्या आवारात जागोजागी बसलेल्या बैलाचे पुतळे असतात त्याचे कारण हे. दफनस्थळी सन ९०५ मध्ये त्याच्या एका शिष्याने लहानसे स्मारक उभारले, आणि तेथे अन्राकु-जी नावाचे बौद्ध विहार होते. आजच्या दाझाइफू तेन्मान्गूचे मुख्य सभागृह नेमके त्याच्या समाधीवर उभे आहे. शिंतो धर्मात मृत्यू हा विटाळ मानतात. देवस्थान सहसा समाधीवर बांधत नाहीत. दाझाइफू हा अपवाद आहे, आणि आरंभापासून तेथे बौद्ध विहार होते ही गोष्ट ध्यानात घेतली तर तो अपवाद समजतो. देहावशेषांवर स्मारक उभारणे ही स्तूपाची रीत. आपल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली डॉ. शां. भा. देव आणि जे. पी. जोशी यांच्या उत्खननात जो प्राचीन स्तूप उजेडात आला, त्याच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. पवनीच्या माणसाला समाधीभोवतीची श्रद्धा नव्याने समजावून सांगावी लागू नये.

विद्वान मेला, पण देव कसा झाला? येथे कथेला वेगळे वळण लागते, आणि ते वळण विद्येचे नसून भीतीचे आहे.

सन ९०९ मध्ये तोकिहिरा ऐन उमेदीत मेला. सन ९२३ मध्ये युवराज मेला. दरबार हादरला, त्याच वर्षी मिचिझानेचे जुने पद मरणोत्तर परत देऊन हद्दपारीचा हुकूम रद्द करण्यात आला. सन ९३० मध्ये राजवाड्यावर वीज कोसळून काही दरबारी जागीच ठार झाले. त्या धक्क्याने आजारी पडलेला सम्राट दाइगो तीन महिन्यांच्या आत वारला. अन्यायाने मेलेल्या माणसाचा आत्मा सूड उगवतो ही समजूत त्या काळी जपानमध्ये खोलवर रुजलेली होती. वीज, पाऊस, रोगराई ही सारी मिचिझानेची करणी ठरली. ‘तेन्जिन’ याचा शब्दशः अर्थ ‘आकाशाचा देव’ असा आहे. पहिल्या पिढीने त्याला विद्येसाठी पुजले नाही. त्याचा कोप शमावा म्हणून पुजले.

क्योतोतील कितानो येथे सन ९४७ मध्ये त्याचे देवस्थान उभे राहिले. त्यामागची कथा राजाची नाही. ताजिही नो आयाको नावाच्या एका गरीब स्त्रीला दृष्टांत झाला. कितानोला देऊळ बांधण्याची ऐपत नसल्याने तिने आधी घराशेजारीच छोटेसे स्थान केले, आणि काही वर्षांनी जवळच्या एका बौद्ध विहारातील साइचिन या भिक्खूच्या साहाय्याने ते कितानोला आले, असे ती कथा सांगते. सन ९८७ मध्ये सम्राटाच्या वतीने तेथे उत्सव झाला, आणि ९९३ मध्ये मिचिझानेला मरणोत्तर सर्वोच्च मंत्रिपद देण्यात आले. जिवंतपणी ज्याला घालवून दिले, त्याला मेल्यावर नव्वद वर्षांनी पंतप्रधान केले. दरबार कोणत्याही देशातला असो, मेलेल्या माणसाचा सन्मान त्याला स्वस्तच पडतो.

तेन्दाई परंपरेचा या कथेशी संबंध आहे, तोही आपल्या वाचकांना सांगण्याजोगा आहे. कितानोच्या इतिहासाची तेराव्या शतकातील एक चित्रमय गुंडाळी प्रसिद्ध असून ती जपानची राष्ट्रीय संपदा मानली जाते. त्या कथेत मिचिझानेचा आत्मा एका रात्री हिएइ पर्वतावर आपल्या परिचयाच्या सोन-इ या भिक्खूकडे येतो. मी सूड घेण्यास निघालो आहे, तुम्ही दरबाराच्या बाजूने प्रार्थना करून मला अडवू नका, अशी त्याची विनंती असते. सोन-इ उत्तर देतो की, आपला स्नेह खरा. परंतु सम्राटाचे बोलावणे पुन्हा पुन्हा आले तर मला जावेच लागेल. तो पाहुण्यापुढे डाळिंब ठेवतो. क्रुद्ध आत्मा ते तोंडात घेऊन दारावर थुंकतो, दार पेट घेते, आणि भिक्खू शांतपणे हस्तमुद्रा करून पाण्याने ती आग विझवतो. दंतकथाच ही, पण क्रोध आणि शांती यांना समोरासमोर बसवणारे इतके नेमके चित्र क्वचित आढळते.

पुढे जवळजवळ हजार वर्षे तेन्मान्गू आणि बौद्ध विहार एकत्रच नांदले. कितानोचे व्यवस्थापन क्योतोतील मान्शू-इन या तेन्दाई विहाराच्या प्रमुखांकडे असे. तेन्जिन हे अकरामुखी अवलोकितेश्वराचेच रूप, असेही मानले गेले. सन १८६८ मध्ये मेइजी शासनाने शिंतो आणि बौद्ध यांची सक्तीने फारकत केली. दाझाइफूचे अन्राकु-जी विहार संपुष्टात आले. कितानोच्या आवारातील बौद्ध मनोरा पाडला गेला. आज प्रवाशाला हे निव्वळ शिंतो देवस्थान वाटते, ते दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या हुकुमामुळे. दाझाइफूला तळ्यावर एकापुढे एक तीन पूल आहेत. ते भूत, वर्तमान आणि भविष्य दर्शवतात. ही त्रिकालाची कल्पना बौद्ध आहे, आणि ती हुकुमानंतरही टिकून राहिली. तळ्याचा आकार ‘चित्त’ या अर्थाच्या चिनी अक्षरासारखा केलेला आहे.

भीतीचा देव विद्येचा देव केव्हा झाला याची एक तारीख सांगता येत नाही. सूडाच्या आठवणी पुसट होत गेल्या, कवी आणि पंडित ही ओळख वर आली. दरबारातले विद्वान कितानोला जमून कविता वाहू लागले. मध्ययुगात तेथे साखळी-काव्याच्या बैठका रंगू लागल्या. सन १५८७ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीने कितानोच्या मैदानात चहाचा प्रचंड समारंभ भरवला आणि शेतकरी, व्यापारी कोणीही आपली किटली-वाटी घेऊन यावे असे जाहीर केले. दहा दिवसांचा बेत होता, तो एका दिवसात आटोपला हा भाग वेगळा. काबुकी नाट्यप्रकाराची आद्य नर्तकी ओकुनी हिनेही कितानोच्या परिसरात प्रयोग केले. म्हणून तेन्मान्गू हे केवळ परीक्षेचे नव्हे, तर काव्य, अक्षरलेखन, चहा, नृत्य या साऱ्या कलांचे स्थान आहे.

पण सामान्य मुलांपर्यंत तेन्जिन पोहोचला तो ‘तेराकोया’मधून, आणि निवासी शाळेच्या स्मरणिकेत या शब्दाजवळ थोडे थांबणे योग्य होईल. ‘तेरा’ म्हणजे विहार हे वर आलेच आहे. पूर्वी मुले बौद्ध विहारात राहून भिक्खूंकडून अक्षरे गिरवीत. त्या मुलांवरून हा शब्द आला. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, खेड्यापाड्यांतून, शहरांच्या गल्ल्यांतून अशा शाळा पसरल्या. शेतकऱ्यांची व कारागिरांची मुले तेथे लिहिणे, वाचणे आणि मणिचौकटीवर हिशेब करणे शिकत. शिकवणारे कधी भिक्खू, कधी गरीब सामुराई, कधी वैद्य, कधी गावातली शिकलेली स्त्री. पाठ्यपुस्तके बहुधा पत्रांचे नमुने असत. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचे शब्द, व्यापाऱ्याच्या मुलाला व्यापाराचे. या शाळांच्या भिंतीवर तेन्जिनचे चित्र टांगलेले असे, आणि त्याच्या निधनाची तिथी म्हणून दर महिन्याच्या २५ तारखेला मुले त्याला वंदन करून आपली सुंदर अक्षरे त्यापुढे ठेवीत. मेइजी काळात सार्वत्रिक शिक्षण आले तेव्हा जपानमध्ये लिहिता-वाचता येणाऱ्यांची संख्या आधीच मोठी होती, याचे श्रेय या साध्या शाळांना दिले जाते. विद्येचा देव भिंतीवर होता. विद्या मात्र खाली, चटईवर बसलेल्या शिक्षकाने दिली.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. तोरीइपाशी किंचित वाकून आत जावे. वाटेच्या मधोमध न चालता कडेने चालावे, मधला भाग कामीचा मानतात. पुढे पाण्याचे कुंड असते. पळीने आधी डावा, मग उजवा हात धुवावा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरावी. पळीला तोंड लावू नये. सभागृहापुढे पेटीत नाणे टाकतात. पाच येनचे नाणे विशेष पसंत, कारण ‘पाच येन’ आणि ‘ऋणानुबंध’ या दोन्हींचा उच्चार जपानीत ‘गो-एन’ असा सारखा होतो. मग दोनदा लवून, दोनदा टाळी वाजवून, पुन्हा एकदा लवायचे, ही त्यांची वंदनाची रीत. बौद्ध विहारात टाळी वाजवत नाहीत. तेथे शांतपणे हात जोडायचे. आपली मंडळी पुष्कळदा नेमकी उलट गल्लत करतात.

बैलाच्या पुतळ्याला हात लावणे हा मुलांचा आवडता विधी. बैलाचे डोके चोळले की आपली बुद्धी तल्लख होते, असा समज. शेकडो हातांनी ती डोकी गुळगुळीत, चकचकीत झालेली दिसतात. लाकडी पाट्यांना ‘एमा’ म्हणतात. त्यावर विद्यालयाचे नाव आणि प्रवेश मिळू दे अशी विनंती लिहून ती टांगतात. जपानमधील विद्यापीठ प्रवेशाची सामायिक परीक्षा जानेवारीच्या मध्याला असते, आणि राष्ट्रीय विद्यापीठांची पुढची परीक्षा २५ फेब्रुवारीपासून. त्याच तारखेला कितानोला उमे-उत्सव असतो. आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षा सुरू असतात त्याच दिवसांत तिकडे उमे फुललेले असते आणि एमांचे ढीग लागलेले असतात. एमा वाचाव्यात, त्यात लाज नाही, त्या उघड्यावरच असतात. कोणी आईसाठी लिहिलेले असते, कोणी तिसऱ्यांदा परीक्षा देत असते. परीक्षेची धास्ती सर्वत्र एकाच चवीची असते.

मूळ प्रश्न मात्र अजून बाकी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर ज्या प्रतिज्ञा आपण घेतल्या, त्या मानणाऱ्या माणसाने येथे काय करावे? या बाबतीत एकमत नाही. काही मंडळी तोरीइच्या बाहेरच थांबतात, काही उत्साहाने एमा विकत घेतात. माझे मत असे की, आत जावे, कुंडावर हात धुवावेत, अन्यायाने मरण पावलेल्या एका विद्वानापुढे आदराने लवावे. मागू मात्र काही नये. यजमानांच्या रीतीचा मान राखणे हे सौजन्य आहे, याचना करणे ही वेगळी गोष्ट. हा भेद जपानी मित्राला सांगितला तर तो दुखावतो असा अनुभव नाही. पुष्कळ जपानी माणसे स्वतःच, नवस फेडण्यापेक्षा मन एकाग्र व्हावे म्हणून येथे येतो असे सांगतात.

तरीही तेन्मान्गूच्या आवारात एक गोष्ट बोचते. सानुकीच्या गरिबांवर कविता लिहिणारा, इतिहासग्रंथांचे संकलन करणारा, दरबाराच्या कारस्थानात बळी गेलेला हा माणूस आता मुख्यतः गुण वाढवून देणारा म्हणून उरला आहे. त्याच्या नावाच्या ताइतांची, पेन्सिलींची विक्री जोरात असते. त्याच्या कवितांचे पुस्तक त्याच दुकानात शोधावे लागते. ज्यांनी त्याला देव केले त्यांनी त्याचा द्वेष केला नव्हता. प्रथम भीतीने, नंतर प्रेमानेच केले. पण देव झाल्यावर वाचले जाण्याची गरज संपली.

हे सांगताना नजर आपल्याकडे वळते, ती वळवू नये असे म्हणता येत नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील भक्तीविषयी देशाला सावध केले होते. पुस्तकांसाठी ‘राजगृह’ बांधणाऱ्या माणसाने आपल्या तसबिरीपुढे उदबत्ती लावून परीक्षेला जाणाऱ्या मुलाला काय म्हटले असते? तसबिरीला वंदन करू नये असे येथे कोणी म्हणत नाही. शाळेत आपण रोज करतो. परंतु वंदन झाल्यावर मूल ग्रंथालयाकडे वळते की नाही, हे पाहणारा कोणी असावा लागतो. अलीकडच्या वर्षांत जयंती आणि महापरिनिर्वाण दिनाला हारफुलांऐवजी ‘एक वही, एक पेन’ आणण्याचे आवाहन होते, आणि जमलेल्या वह्या गरजू मुलांपर्यंत जातात. दाझाइफूला पाटी टांगली जाते आणि तेथेच राहते. ही वही मात्र कोणाच्या तरी दप्तरात पोहोचते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते, तशी पुस्तकांची गर्दी मी कोणत्याही तेन्मान्गूत पाहिली नाही. हे जपानला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही. ज्या देशात खेड्यातले मूल दोनशे वर्षांपूर्वी वाचू शकत होते, त्याला पुस्तकांचे महत्त्व आपण सांगावे असे नाही. आपल्याजवळ जे आहे त्याची किंमत मात्र दूर गेल्यावर कळते.

जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. फुकुओका शहराच्या मध्यवस्तीचे नावच तेन्जिन असे आहे. तेथून निशितेत्सू रेल्वेने फुत्सुकाइची स्थानकावर गाडी बदलून दाझाइफूला सुमारे अर्ध्या तासात पोहोचता येते. स्थानकापासून देवस्थानापर्यंतच्या वाटेवर भाजलेल्या तांदळाच्या, आत लाल चवळीसारख्या आझुकी कडधान्याचे गोड पुरण भरलेल्या टिकल्या मिळतात. हद्दपार मिचिझानेला एका म्हातारीने असा पदार्थ उमेच्या फांदीवर टोचून दिला होता, अशी कथा आहे. पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला ती चव अनोळखी वाटणार नाही. देवस्थानाला लागूनच, सरकत्या जिन्याच्या बोगद्यातून जाता येईल असे, क्यूशू राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते २००५ साली सुरू झाले. आशियाशी जपानचा जो देवघेवीचा इतिहास आहे तो तेथे मांडला आहे. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. दाझाइफूच्या परिसरात उमेची सुमारे ६,००० झाडे आहेत, आणि फेब्रुवारीचा उत्तरार्ध हा त्यांचा काळ.

क्योतोला जाणाऱ्यांनी शक्यतो २५ तारीख गाठावी. त्या दिवशी कितानोच्या आवाराभोवती मोठा बाजार भरतो, जुनी भांडी, कापड, पुस्तके, रोपे सारे मिळते. मुख्य सभागृह १६०७ सालचे असून राष्ट्रीय संपदा आहे. तोक्योमध्ये उएनोजवळ युशिमा तेन्जिन आहे, आणि एदोगावा विभागातील निशी-कासाइ भागात जी मराठी कुटुंबे राहतात त्यांना कामेइदो तेन्जिन फार दूर नाही. तेथे जानेवारीच्या २४ व २५ तारखेला लाकडी पक्षी बदलण्याचा सण असतो. गेल्या वर्षीचा छोटा कोरीव पक्षी परत करायचा आणि नवा घ्यायचा. जुने खोटे ते सारे खऱ्याशी बदलले जाते, असा त्यामागचा भाव. जपानीत त्या पक्ष्याचे नाव ‘उसो’, आणि ‘खोटे’ या अर्थाचा शब्दही उसोच. कामेइदोला एप्रिलच्या अखेरीस तळ्यावर जांभळ्या फुलांच्या वेलींचे मांडव बहरतात. परीक्षा तोवर आटोपलेल्या असतात आणि मुलांची गर्दी ओसरलेली असते.